उंदराची मिरवणूक

पायाखाली बघून आत या. पडवीच्या कोपऱ्यात, कणगीच्या मागे एखादा उंदीर आडवा झालेला दिसला तर ओरडू नका. या घरात ‘उंदीर पडला’ एवढं कुणी म्हटलं की चूल विझते, पाळण्याच्या दोऱ्या सोडल्या जातात आणि सगळं बिऱ्हाड गावाबाहेरच्या माळावर झोपडीत राहायला निघतं. मागच्या हिवाळ्यात असंच निघालं होतं. तान्हं तेव्हा पोटात होतं.

साल १९१७. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली आहे. यंदा अधिक मास पडल्यामुळे ती नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लांबली आणि माळव्याची थंडी पहाटे बोचायला लागली. इंदूर ही होळकरांची राजधानी; गादीवर तिसरे तुकोजीराव. तुम्ही उभे आहात ती गल्ली राजवाड्याकडून पंढरीनाथाच्या देवळाकडे जाते. हे घर आणि त्यातली माणसं मी कल्पनेने उभी केली आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. गावात पुढे जे घडणार आहे ते मात्र घडलेलं आहे.

घराणं मूळचं पुणे प्रांतातलं. १८१८ साली मंदसौरच्या तहानंतर इंदूर राजधानी झाली, तेव्हा खापरपणजोबा दप्तराबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. आता घरचा कर्ता हुजूर कचेरीत कारकून आहे. मुलं त्याला भाऊ म्हणतात आणि आईला वहिनी, कारण धाकटे काका तिला वहिनी म्हणतात. थोरली आठ वर्षांची, मधला पाचाचा, तान्हं आठ महिन्यांचं. थोरलीच्या लग्नाचं घरात बोलणं निघायला लागलं आहे. हे ऐकून दचकलात तरी चेहऱ्यावर दाखवू नका.

मोरीत बघा. आजी पाटावर पाय लांब सोडून बसली आहे आणि तिच्या पोटऱ्यांवर तान्हं पालथं आहे. तेल जिरवून झालं, डाळीचं पीठ आणि साय लावून झाली, आता तांब्यातलं कडकडीत पाणी. तुम्ही हात घालून बघायला जाऊ नका, तुम्हाला सोसायचं नाही. पोर आधी आकांत करतं, मग एकाएकी गप्प होऊन डोळे मिटतं. त्याला जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून शेगडीजवळ नेलं की ओवा आणि वेखंडाची धुरी. मग सहाणेवर उगाळलेली गुटी, जायफळाचे दोन वळसे जास्त, म्हणजे वहिनीला दोन तास हात मोकळे मिळतात. धुराबद्दल तुमचं काही म्हणणं असेल, असू द्या. आजीला सात झाली, तीन राहिली. हे ती आवाज न बदलता सांगते आणि लगेच तान्ह्याच्या गालाला काजळाची तीट लावते.

दोरीवर लंगोट वाळताहेत. वहिनी पहाटे चारला उठली, जात्यावर बसली, आडावरून पाणी भरलं, चुलीशी गेली, आणि आता भाऊंच्या कचेरीची वेळ होईपर्यंत ती एकदाही टेकणार नाही. मधला तिच्या पदराला धरून सारखं एकच विचारतो आहे.

“वहिनी, तू काय करून राहिलीस?”

“भाकरी.”

“आणि आता काय करून राहिलीस?”

“तुझं डोकं खाऊन राहिले.”

मुलांनी भंडावलेल्या आईचं उत्तर शंभर वर्षांनीही फारसं बदलणार नाही, हे तुम्हाला घरूनच माहीत आहे.

गाडी, गुळगुळीत रस्ते, पोहे-जिलबीचे ठेले असं काही शोधत बाहेर पडू नका. पण गाव मागासलेलंही समजू नका. कापडाच्या गिरण्यांचे भोंगे इथे वाजतात. एडवर्ड हॉलचा घड्याळाचा मनोरा १९०४ पासून उभा आहे. त्याला गांधी हॉल हे नाव अजून मिळायचं आहे. मराठी साहित्य संमेलन याच वर्षी इंदुरात भरलं, अध्यक्ष गणेश जनार्दन आगाशे. पुढच्या मार्चमध्ये इथेच हिंदी साहित्य संमेलन भरेल आणि गांधीजी अध्यक्ष म्हणून येतील. एवढ्या जागत्या गावात लोकांना रात्री झोप लागत नाही ती फक्त एका प्राण्यामुळे.

उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते, हे पॉल-लुई सिमोंने कराचीत १८९८ साली दाखवून दिलं. आजीने त्याचं नाव ऐकलेलं नाही. पण उंदीर पडला की आठ-पंधरा दिवसांत माणसं पडतात, जांघेत आणि काखेत गाठ येते, लहान मूल फार वेळ देत नाही, हे तिला अनुभवाने पाठ आहे. तुमच्या काळात हा रोग वेळीच दिलेल्या साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. ती गोळी तुमच्या पिशवीत असली तरी बाहेर काढू नका. ज्या काळात तिचा शोधच लागलेला नाही त्या काळात ती तुमच्या हातून कोण घेईल?

आजीची दुसरी भीती साहेबाची. १८९७ साली ती पुण्यात माहेरी होती. प्लेगच्या तपासणीला आलेले गोरे सोजीर घरात शिरायचे, देवघरात बूट घालून जायचे, बायकांना रस्त्यावर काढून तपासायचे, सामान जाळायचे. एका संशयावरून अख्ख्या घराला सेग्रिगेशन कँपमध्ये नेत. मग २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेगच्या बंदोबस्तावरच्या रँड साहेबाला गोळी घातली. हे सांगताना आजी दाराकडे बघते. रँडचं नाव ती घेत नाही, ‘तो’ म्हणते. तेव्हापासून तिच्या लेखी हातात कागद घेऊन गल्लीत हिंडणारा गोरा माणूस म्हणजे घर पाडायला आलेला माणूस.

आणि असा एक माणूस सध्या इंदुरात हिंडतो आहे.

दुपारी थोरलीच्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत जा. तो तिथे दिसेल. साठी उलटलेली, दाढी पसरलेली, केस कुणीकडे, टोपी कुणीकडे. हातात नकाशा. नालीत डोकावतो, पडक्या भिंतीला हात लावून बघतो, एखाद्या अंगणात तुळशीपाशी थबकतो आणि काहीतरी टिपून घेतो. शेजारची माळवी बाई लेकराला झटकन पदराआड ओढते आणि बोट दाखवते: तो बघ, प्लेग आणणारा म्हातारा साहेब.

हा पॅट्रिक गेडीस. स्कॉटलंडचा, मूळ पेशा वनस्पतिशास्त्राचा, आता नगररचनाकार. होळकर दरबाराने शहराची पाहणी करून आराखडा द्यायला त्याला बोलावलं आहे. बायका आपल्याकडे बोट दाखवून मुलांना काय सांगतात, असं त्याने सोबतच्या माणसाला विचारलं, तेव्हा त्याला हेच उत्तर मिळालं, असं त्याने पुढे स्वतःच सांगून ठेवलं आहे. कुणी दुसरा असता तर पोलीस बरोबर घेऊन फिरला असता. गेडीस मंत्र्याकडे गेला आणि म्हणाला, मला एक दिवस महाराज करा.

या माणसाचं हे वर्ष कसं गेलं ते गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. एप्रिलमध्ये त्याचा थोरला मुलगा अलास्डेअर फ्रान्समधल्या लढाईत मारला गेला. तार आली तेव्हा बायको अ‍ॅना इथे हिंदुस्थानातच तापाने अंथरुणाला खिळलेली. त्याने तिला काही कळू दिलं नाही. मुलाची जुनी पत्रंच तो तिला वाचून दाखवत राहिला. जूनमध्ये तीही गेली. नोव्हेंबरात तो इंदूरच्या गल्ल्यांतून परक्यांच्या मुलांना प्लेगपासून कसं वाचवावं याचा विचार करत हिंडतो आहे. तुम्ही हे कुणाला सांगू शकत नाही, आणि सांगून आजीचं मत बदलेल असंही नाही.

मंत्र्याकडची ती मागणी मान्य होते आणि दोन दिवसांत बातमी घराघरांत पोचते. दिवाळीत मोठी मिरवणूक निघणार. हत्ती, घोडे, तोफा, सगळं. आणि तिचा मार्ग नेहमीचा असणार नाही. हिंदूंच्या मिरवणुकीचा नाही की ताबुतांचा नाही. जिथली घरं सर्वांत जास्त झाडून-पुसून, डागडुजी करून ठेवलेली दिसतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाणार. घरातला केरकचरा सरकारी गाड्या दारावरून फुकट नेणार.

माझ्या मते त्या सगळ्या आराखड्यातला सर्वांत हुशार विचार हाच होता. दिवाळीच्या आधी बायका घर खाली-वर करतातच. त्यासाठी हुकूम लागत नाही, दंड लागत नाही, सोजीर तर नाहीतच. गेडीसने नवीन काही करायला लावलं नाही. जे चाललेलं होतं त्याला गल्लीगल्लीत चुरस लावून दिली. आणि चुरस लावायची तर आधी पोरं हाताशी हवीत, हेही त्याला कळलं होतं असं दिसतं.

आता या घरात बघा. माळा रिकामा होतो आहे. वीस वर्षांची फुटकी डेचकी, वाळवी लागलेला पाळणा, खापरपणजोबांच्या काळातलं मोडकं पालखीचं दांडकं. आजी प्रत्येक वस्तूशी भांडते. “राहू द्या, लागेल.” वहिनी एरवी सासूपुढे मान वर करत नाही, पण आज म्हणते, “सासूबाई, मग मिरवणूक मागच्या गलीतून जाईल.” आजी दांडकं सोडते. मागच्या गल्लीत तिची सख्खी नणंद राहते.

कणग्या ओढून बाहेर काढल्या तेव्हा खाली बिळं सापडली. भाऊ कचेरीतून येताना चुना आणि माती घेऊन आले. बिळं काचा-खडे घालून बुजवली. सापळा लावण्याचं काम मधल्याकडे. भाकरीचा तुकडा तेलात बुडवून आकड्याला लावायचा आणि पहाटे सर्वांच्या आधी जाऊन बघायचं. त्याला पिंजऱ्याला हात लावायला मनाई आहे, म्हणून तो दोन हात लांब उकिडवा बसून बोटं मोजतो.

“ताई, आज दोन. मागच्या गलीवाल्यांना एकच मिळून राहिला.”

“तुला कुणी सांगितलं?”

“मी बघून आलो.”

तो रात्री पाढे म्हणताना पावकीच्या मध्येच उंदरांवर घसरतो. भाऊ रागावत नाहीत. त्यांनाही हिशेब ठेवायचाच आहे.

बाहेर गल्लीभर चुन्याचा वास सुटला आहे. शेजारच्या माळवी बाईने गेरूने अंगण सारवून खडूच्या पांढऱ्याने मांडणे काढायला घेतले आहेत. थोरली आपली ठिपक्यांची रांगोळी विसरून तिथेच रेंगाळते. कडेला गाड्या उभ्या. त्या काळात शहरातून कचऱ्याच्या हजारो खेपा बाहेर गेल्या. त्या प्रत्येक खेपेतलं सामान कुण्या तरी वहिनीने माळ्यावरून खाली उतरवलं होतं, एका हाताने, कारण दुसऱ्या हातात मूल होतं.

मिरवणुकीच्या दिवशी तुम्ही लवकर जागा धरा. गल्ली अरुंद म्हणून तिथून हत्ती जाणार नाही, हे शेवटी सगळ्यांनी मान्य केलं; पण गल्लीच्या तोंडावरून जाणाऱ्या रस्त्यावर मिरवणूक येणार आहे, आणि तो विजय पुरेसा आहे. मधल्याला भाऊंच्या खांद्यावर बसवलंय. थोरली आजीच्या बोटाला. वहिनी तान्ह्याला घेऊन माडीच्या खिडकीत. रस्त्यावर उतरणं तिला चालत नाही. उंचावरून तिला सगळ्यांपेक्षा चांगलं दिसेल.

आधी स्वार, हत्ती, तोफा. मुलं ओरडतात ते यासाठी. मग शेतातलं पीक, कापूस, गावाची संपत्ती. मग वाद्यांचा सूर मुद्दाम बिघडवलेला, कर्कश. आणि त्यामागे पडक्या, कुबट घरांचे देखावे, मोडके दरवाजे, फुटकी कौलं. लोक हसतात, मग हसता हसता कुणाचं घर आठवतं ते गप्प होतात. त्यामागे रोगराईची सोंगं. बांबू आणि कापसाचे प्रचंड डास. घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस, रावणासारखा उंच. आणि उंदीर.

मधला खांद्यावर ताठ होतो. इतका मोठा उंदीर त्याने पाहिलेला नाही. उंदराचं अंग थरथरतं आहे, त्यावर पिसवा चिकटवलेल्या आहेत. सिमोंचं संशोधन कराचीहून निघून एकोणीस वर्षांनी, बांबूच्या सांगाड्यावर बसून, पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर आलं. या क्षणी त्या मुलाला प्लेगबद्दल जे कळलं ते त्याच्या आजीला पुण्यात सोजिरांनी दोन महिन्यांत कळू दिलं नव्हतं.

उंदरामागून झाडूवाले येतात. पांढरेशुभ्र नवे कपडे, कचऱ्याच्या गाड्या ताज्या रंगवलेल्या, बैल सजवलेले, झाडूंना फुलांच्या माळा. म्हातारा साहेब त्यांना मान देतो, सगळ्या गावासमक्ष. गर्दीत पहिल्यांदा शांतता होते, मग टाळ्या पडतात. आजी थोरलीला दोन पावलं मागे ओढते. सावली पडेल. तुम्हाला संताप येईल, आणि यायलाच हवा; पण तुमच्या पुढे उभ्या असलेल्या भाऊंनाही आजीने काही वावगं केलं असं वाटलेलं नाही. उद्या सकाळी याच पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस या घराच्या मागच्या दाराने संडासाची टोपली न्यायला येईल आणि त्याला पाणी वरून ओतलं जाईल. गेडीसने त्यांना एक दिवस दिला. वर्षाचे बाकीचे दिवस द्यायला हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा लागला, तो १९९३ साली झाला, २०१३ साली पुन्हा करावा लागला, आणि त्याची अंमलबजावणी अजून पुरी झालेली नाही.

मग वाद्यं सुरात येतात. नवी लक्ष्मी येते, नगराची लक्ष्मी; तिच्यासोबत शहराचा नवा नकाशा. बांधायच्या इमारतींचे देखावे, कारागिरांच्या गाड्या. शेवटी तुळशीच्या रोपांची गाडी, रोपं फुकट वाटत जाणारी. गेडीसच्या लेखी तुळस हे नीट ठेवलेल्या हिंदू घराचं चिन्ह होतं. तुळशीला रोज पाणी घालणारी बाई अंगण घाण राहू देत नाही, एवढं त्याला नकाशा घेऊन हिंडताना दिसलं होतं. घरात वृंदावन आहेच, तरी थोरली हात पुढे करते. आजी काही म्हणत नाही. तुळशीचं लग्न जवळ आलंय, एक रोप जास्तीचं चालेल. फक्त ते नक्की कुणी दिलं हे ती विचारत नाही.

रात्री बागेत राक्षस आणि उंदीर पेटवले. शोभेची दारू उडाली. तिथे जायचं की तान्ह्याला घेऊन घरी थांबायचं हे तुम्ही ठरवा. मी असतो तर घरी थांबलो असतो. खिडकीतून आकाश लाल झालेलं दिसतं. मधला झोपेत बडबडतो, थोरली चिमणी-कावळ्याची गोष्ट तान्ह्याला सांगते आणि आज त्या गोष्टीत मेणाच्या घरात राहायला उंदीरही येऊ बघतो. चिमणी त्याला दार उघडत नाही.

उद्या निघायचं तर गुपचूप निघा. तुम्हाला जे माहीत आहे ते या घरातल्या कुणालाही सांगायचं नाही. प्लेगचा हंगाम असतो. तो ओसरला की त्याचं सगळं श्रेय कुणा एका मिरवणुकीला देऊ नये. आणि पुढच्या दिवाळीच्या तोंडावर, १९१८ च्या शरदात, इन्फ्लुएंझा येईल. त्याला उंदीर नाही, बीळ नाही, सापळा नाही. हिंदुस्थानात तो एक कोटीहून अधिक माणसं नेईल. चुन्याने रंगवलेल्या भिंती त्याला अडवणार नाहीत. या घरातल्या तीन मुलांपैकी कुणाचं काय झालं हे मी मुद्दाम ठरवलेलं नाही.

गेडीसचा इंदूरचा अहवाल १९१८ साली छापून निघाला. त्यात रस्ते सरसकट रुंद करण्याऐवजी मोजकी पडकी घरं काढून बाकीची दुरुस्त करावीत, उजेड-वारा आत येऊ द्यावा, नद्यांचे काठ आणि बागा सांभाळाव्यात, असं सांगितलं आहे. त्यातलं किती झालं आणि किती राहिलं हे खान आणि सरस्वती नद्यांच्या काठी उभं राहिलं की दिसतं. २०१७ साली, बरोबर शंभर वर्षांनी, इंदूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं आणि मग वर्षानुवर्षं ठरत राहिलं. आता कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात येते आणि तिथली पोरं ते गाणं तोंडपाठ म्हणतात. महानगरपालिकेच्या भाषणांत गेडीसचं नाव क्वचित येतं. माळा रिकामा करणाऱ्या बायांचं तर कधीच नाही.

म्हणून इंदूरच्या, आणि इंदूर सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्या मराठी घरांना एक विनंती. पणजीच्या काळातली एखादी हिशेबाची वही, पंचांगाच्या समासात केलेली नोंद, पत्रांचं पुडकं घरात कुठे असेल तर रद्दीत घालण्याआधी १९१७ च्या आश्विन-कार्तिकातली पानं उघडून बघा. चुना किती आणला, सापळा केवढ्याला पडला, मुलांना मिरवणूक दाखवायला कोण घेऊन गेलं, यातलं काहीही सापडलं तरी लिहून काढा आणि छापायला द्या.